विजापूरचा किताब, माणदेशचे वतन

जेम्स ग्रँट डफ हा 1818 ते 1822 या काळात सातारच्या छत्रपतींच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी होता. कारभार पाहता पाहता त्याने भोवतालच्या जुन्या घराण्यांचे कागद मागवले, वाचून घेतले आणि 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. त्यात विजापूरच्या आदिलशाहीत मोठेपणाला चढलेल्या मराठा घराण्यांची एक यादी आहे. जावळीचे चंद्रराव मोरे, फलटणचे राव नाईक निंबाळकर, मलवडीचे झुंजारराव घाटगे, म्हसवडचे माने, मुधोळचे घोरपडे, जतचे डफळे आणि वाडीचे सावंत अशी ती सात नावे. मुधोळ आणि वाडी बाजूला ठेवली, तर उरलेली पाचही घराणी आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली आहेत.

घाटग्यांबद्दल डफ थोडक्यात पण नेमके लिहितो. माणचे देशमुख असलेल्या नागोजी घाटग्याला 1626 मध्ये दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने सरदेशमुखी दिली. ती देताना कोणतीही अट घातली नाही आणि सोबत ‘झुंजारराव’ हा किताबही दिला. डफचे घाटग्यांविषयीचे मत फारसे चांगले नाही. आपसातल्या भांडणांसाठी हे घराणे बदनाम होते, असे तो सांगून टाकतो. मात्र सनदेचे साल आणि देणाऱ्याचे नाव तो नीट नोंदवतो, आणि आपल्याला त्याचाच उपयोग आहे.

दरबार आणि माणूस यांच्यातले अंतर आधी लक्षात घेऊ. आदिलशाहीचा मूळ पुरुष यूसुफ हा परदेशातून आलेला. दरबाराची भाषा फारसी, आणि अमीर-उमरावांत दोन तट : इराण-तुराणातून आलेले आफाकी आणि इथलेच झालेले दखनी. बादशहाने शिया पंथ धरला की आफाकी वर चढत, सुन्नी पंथाकडे वळला की दखनी. पहिल्या इब्राहीमने 1535 च्या सुमाराला सुन्नी पंथ धरला, पुष्कळ परदेशी उमरावांना रजा दिली आणि महसुलाचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत, ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले. ही हकीकत फिरिश्ता देतो. तो दुसऱ्या इब्राहीमच्या पदरी विजापुरात बसून लिहीत होता, म्हणजे दप्तरखाना त्याच्या नजरेसमोरचा होता. देशमुख-देशपांड्यांसाठी विजापूरचा दरवाजा खऱ्या अर्थाने या दप्तरातून उघडला. तलवार पुढे आली, पण वाट आधी जमाखर्चाने पाडली होती.

मग 1626 च त्या सनदेचे साल का? याचे उत्तर शेजारच्या घटनांतून शोधावे लागते. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याने विजापूर आणि मोगल यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. त्यानंतर तो थेट विजापूरच्या मुलखात घुसला आणि इब्राहीमने हौसेने वसवलेले नवरसपूर त्याने लुटले. पुढे सोलापूरही गेले. याच सुमाराला शहाजीराजे निजामशाही सोडून विजापुरास आले आणि त्यांना सरलष्कर ही पदवी मिळाली. माण आणि म्हसवड हा मुलूख आदिलशाही आणि निजामशाही यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, पण घोडी पाळायला आणि घोडेस्वार उभे करायला हा मुलूख चांगला. उत्तरेला महादेवाचा डोंगर, त्याच्या पलीकडे फलटणचे निंबाळकर. अशा ठिकाणचा देशमुख शत्रूला मिळाला तर विजापूरच्या वाटेवरची चौकीच गेली म्हणायची. नागोजीला अट न घालता सरदेशमुखी मिळाली यात बादशहाच्या उदारपणाइतकीच त्याची अडचणही दिसते, असे माझे मत आहे. इब्राहीम पुढच्याच वर्षी, 1627 मध्ये वारला आणि शहाजीराजेही लवकरच निजामशाहीत परतले. घाटगे मात्र विजापूरच्या चाकरीतच राहिले.

हे कागद दिसतात कसे, तेही पाहू. बादशहाचे फर्मान फारसीत असते आणि त्यावर शाही शिक्का असतो. गावपातळीवर चालणारी खुर्दखते मात्र अनेकदा दुभाषी असतात : वरच्या अंगाला फारसी मजकूर, खाली तोच हुकूम मोडी लिपीतल्या मराठीत. वरचा भाग दरबाराचा, खालचा देशमुख-पाटलाला वाचून दाखवायचा. तारीख शुहूर सनात, अरबी अंकांच्या नावांनी लिहिलेली, आणि एकम आधी. ‘सबा अशरीन अलफ’ म्हणजे सात, वीस, हजार, सन 1027. हा सन मृगापासून सुरू होतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे हे साल 1626-27 चे. सरसकट 600 मिळवणाऱ्याचा पावसाळ्यातला कागद एका वर्षाने पुढे जातो, आणि एका वर्षात दख्खनेत माणसे दोनदा बाजू बदलत.

आता मुख्य मुद्दा. विजापूरने या घराण्यांना जे दिले ते एका जातीचे नव्हते. मोकासा, म्हणजे फौज पोसण्यासाठी लावून दिलेला मुलूख, बादशहाच्या मर्जीवर असे. आज दिला, उद्या दुसऱ्याच्या नावावर. हुद्द्याचेही तसेच. किताब ऐकायला भारी, पण तो खायला घालत नाही. देशमुखी आणि सरदेशमुखी मात्र वतन : वंशपरंपरेचे, वाटणी होणारे, गहाण पडणारे, विकले जाणारे. ते बादशाही बदलली तरी टिकते, निदान टिकावे अशी सगळ्यांची अपेक्षा असते. आणि वतनावर कोणी हक्क सांगितला की पुरावा लागतो. मग फर्मान, सनद, महजर असे जे जे असेल ते पेटीतून बाहेर निघते. गोतसभेपुढे ते वाचले जाते, निवाड्याखाली पाटील नांगराची निशाणी करतात, आणि नवा कागद जुन्यांच्या जोडीला पेटीत जातो.

आदिलशाहीतल्या मराठा सरदारांचा इतिहास ज्या साधनांतून लिहावा लागतो ती साधने म्हणूनच एका बाजूला कलंडलेली आहेत. नागोजी घाटग्याने कोणती लढाई मारली, किती स्वारांनिशी कुठे गेला, हे त्याच्या घरच्या कागदांत सापडण्याची आशा कमी. हक्क-लवाजम्याची आशा जास्त. सेनापती हरवला आहे, वादी-प्रतिवादी शिल्लक आहे. घाटग्यांच्या भाऊबंदकीला डफने नावे ठेवली. पण ती भाऊबंदकी नसती, तर सनद जपून ठेवण्याची गरज तरी कोणाला पडली असती?

ही गोष्ट दुसऱ्या एका दप्तराशेजारी ठेवली की अधिक उघड होते. हखामनी पारशी साम्राज्याच्या पूर्व टोकाला बॅक्ट्रिया होता, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातला बल्खच्या भोवतालचा मुलूख. तिथले चामड्यावर आणि लाकडी पट्ट्यांवर अरामी भाषेत लिहिलेले 48 कागद लंडनच्या खलिली संग्रहात आहेत. योसेफ नावेह आणि शाउल शाकेद यांनी ते 2012 मध्ये प्रसिद्ध केले. बहुतेक इसवी सनापूर्वी 353 ते 324 या काळातले आहेत. त्यांतली अनेक पत्रे अखवमज्द या वरिष्ठ अधिकाऱ्याने खुल्मच्या बगवंत या कारभाऱ्याला धाडलेली आहेत. एका पत्रातला प्रसंग वाचण्यासारखा आहे. बगवंताला फौज लावून एका गावाचा कोट बांधायचा होता. तेवढ्यात टोळधाड आली. आधी पीक काढून घेऊ द्या, मग भिंत बांधतो, असे त्याने कळवले आणि वरून तशी परवानगी आली. बाकीच्या पत्रांत वरिष्ठ त्याला फैलावरही घेतो.

बगवंताच्या घराण्याचा हक्क काय होता, त्याचे भाऊबंद कोण होते, त्याची जमीन कुठे होती, यातले त्या पत्रांतून जवळजवळ काही हाती लागत नाही. ते दप्तर हुद्द्याचे आहे; हुद्देदार काय करतो ते त्यात दिसते. आपल्याकडचे दप्तर घराण्याचे आहे. घराणे काय मागते ते त्यात दिसते. दोन्हीकडे परभाषी दरबार आणि त्याच्या वतीने मुलूख सांभाळणारा माणूस हीच जोडी आहे, तरी एकाच प्रश्नाचे उत्तर दोन्ही ढिगांतून मिळत नाही. घाटग्यांच्या पेटीत टोळधाडीसारखे पत्र असते, तर 1620 नंतरचा माणदेश आपल्याला वेगळाच दिसला असता.

जावळीची अडचण निराळी आहे. इथे हकीकत भरपूर, पण समकालीन कागद कमी. डफने दिलेली कथा अशी : यूसुफ आदिलशहाच्या वेळी कर्नाटकातला मोरे नावाचा एक नाईक बारा हजार हिंदू पायदळाचा सरदार झाला. त्याने नीरा आणि वारणा यांच्यामधला डोंगरी मुलूख जिंकला, तिथल्या शिर्के घराण्याला हुसकले आणि चंद्रराव हा किताब मिळवला. त्याचा मुलगा यशवंतराव याने परांड्याजवळ बुऱ्हाण निजामशहाच्या फौजेचा हिरवा झेंडा हिसकावला. तो झेंडा बाळगण्याची परवानगी त्याला मिळाली, आणि पुढे सात पिढ्या हे घराणे जावळीत नांदले. बारा हजारांचा आकडा मी बाजूला ठेवीन. घराण्याच्या आठवणीत असे आकडे वाढतच जातात. झेंड्याची गोष्ट मात्र सहज पटते. शत्रूचे निशाण लावायला मुभा देण्यात बादशहाचा एक पैसाही खर्च होत नाही आणि घाटातला राजा खूश राहतो.

चंद्रराव हा किताब पिढीजात असल्याने घोटाळा होतो. कागदात नुसते ‘चंद्रराव’ असले की तो कितवा, हे साल पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. शेवटच्या चंद्ररावाने आणि शिवाजी महाराजांनी एकमेकांना धाडलेली म्हणून जी ठसकेबाज पत्रे लोकांच्या तोंडी आहेत, त्यांचा आधार उशिराने रचलेली बखर हा आहे. ती वाचताना मजा वाटते. पुरावा म्हणून ती चालत नाहीत. जेधे शकावली ही त्या मानाने रूक्ष, नुसती तिथीवार टिपणे. लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्यात शके 1577 च्या पौषात महाराजांनी जावळी घेतल्याची नोंद आहे. तो पौष इंग्रजी जानेवारी 1656 मध्ये येतो. यूसुफपासून धरले तर सुमारे दीडशे वर्षे टिकलेली सत्ता एका ओळीत संपते. मोऱ्यांचे वतन गेले, तसे ते वतन सिद्ध करणाऱ्या कागदांचे जतन करण्याचे कारणही गेले.

वाईला विजापूरचा सुभेदार असे आणि 1649 च्या सुमारास तो अफजलखान होता. सुभेदार आणि देशमुख यांचे नाते कसे असे, हे एका फर्मानावरून नेमके कळते. हे फर्मान सातारा-सांगलीचे नव्हे, शेजारच्या भोर खोऱ्यातले, पण बोलके आहे. 16 जून 1659 चे ते फर्मान दुसऱ्या अली आदिलशहाने कारीच्या कान्होजी जेध्यांना पाठवले. आशय सरळ आहे : शिवाजी आमच्या मुलखात उपद्रव करतो, अफजलखानाला त्याच्यावर नेमले आहे, तुम्ही खानाच्या हुकमात राहून चाकरी करा, शिवाजीच्या माणसांना थारा देऊ नका, खान तुमची जशी शिफारस करील तसे तुमचे कल्याण होईल. बक्षिसाचा हा रस्ता लक्षात घेण्यासारखा आहे. देशमुखाची चाकरी बादशहापर्यंत पोचायची तर ती सुभेदाराच्या तोंडून. जेधे करीना या घराण्याच्या हकीकतीवरून दिसते की कान्होजी हे फर्मान घेऊन महाराजांकडे गेले आणि त्यांनी शपथ वाहिली. उत्रवळीचे देशमुख खोपडे मात्र खानाला जाऊन मिळाले. कागद टिकला तो जेध्यांकडे, म्हणजे ज्यांनी हुकूम मानला नाही त्यांच्याच घरी.

माणदेश आणि फलटण या वेळी कुठे होते? परमानंदाचे संस्कृत ‘शिवभारत’ इथे उपयोगी पडते. तो महाराजांच्या आश्रयातला कवी. शत्रूच्या फौजेत मोठी नावे घालण्याकडे त्याचा कल असणार, हे धरूनच वाचायचे. 1648 मध्ये पुरंदरावर आलेल्या फत्तेखानाच्या फौजेत तो फलटणच्या बजाजी निंबाळकरांचे आणि मताजी घाटग्याचे नाव देतो. बजाजी म्हणजे सईबाईंचे भाऊ, महाराजांचे मेहुणे. अफजलखानाच्या स्वारीतही झुंजारराव घाटगे, नाईकजी पांढरे, नाईकजी खराटे ही मंडळी होती. यात नवल किंवा लाज वाटण्यासारखे काही नाही. त्या वेळच्या हिशेबात ही पिढीजात चाकरी होती. सोयरीक घरची आणि नोकरी दरबारची, असे दोन कप्पे एका घरात सुखाने नांदत. बजाजींचे चिरंजीव महादजी पुढे महाराजांचे जावई झाले.

ही चाकरी मराठा सरदारांना स्वतःला कशी दिसत होती, याचा सर्वांत चांगला पुरावा मला 1677 च्या एका पत्रात दिसतो. कुतुबशहाशी जुळवून दक्षिणेकडे निघताना शिवाजी महाराजांनी मुधोळच्या मालोजी घोरपड्यांना ते पाठवले. मालोजींचे वडील बाजी घोरपडे हे भोसल्यांचे जुने वैरी, तरी पत्राचा सूर समजावणीचा आहे. विजापूरची चाकरी वाईट होती, असे महाराज कुठेही म्हणत नाहीत. घोरपड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या पादशाहीचे खाल्ले, हे ते मान्यच करतात. त्यांचा मुद्दा एवढाच की आता पादशहा पोरवयाचा, कारभार पठाण बहलोलखानाने बळकावलेला, तेव्हा दक्षिणेची पादशाही दक्षिण्यांच्या हाती राहावी म्हणून सर्वांनी एक व्हावे, आणि मालोजींनी कुतुबशाहीत यावे. जहागिरीची काळजी आपण घेऊ. राज्याभिषेक होऊन तीन वर्षे झालेला राजा आदिलशाही सरदाराशी त्याच्याच हिशेबाच्या भाषेत बोलतो आहे. त्या भाषेत निष्ठेला मोल होते. पण जहागिरीचा आकडा मांडल्याशिवाय बोलणे पुरे होत नसे.

जतचे डफळे या साऱ्यात उशिरा पुढे आले. मूळ आडनाव चव्हाण, डफळापूर गावची पाटीलकी घरची, त्यावरून डफळे. आदिलशाहीच्या अखेरच्या वर्षांत सटवाजी डफळ्याने जत आणि भोवतालच्या महालांची देशमुखी मिळवली. दरबार मोडकळीला आला होता, तशी तिथली वतने स्वस्त झाली असावीत, असे मला वाटते; विझत्या दिव्याखाली सह्या पटापट होतात. सप्टेंबर 1686 मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले. डफळ्यांनी मोगलांची चाकरी धरली आणि देशमुखी राखली. म्हसवडचे नागोजी मानेही मोगलांकडे होते. 1697 मध्ये सेनापती संताजी घोरपड्यांचा खून नागोजींच्याच हातून, शंभू महादेवाच्या डोंगराच्या आसऱ्याने झाला. संताजींनी नागोजींच्या मेहुण्याला, अमृतराव निंबाळकराला मारले होते, त्याचा हा सूड. माने सूड विसरत नाहीत, असे डफने लिहून ठेवले होते. खूण पटते खरी. पण डफने ते मत याच एका खुनावरून तर बनवले नसेल ना, अशी शंका माझ्या मनात राहतेच.

हे कागद पेट्यांतून बाहेर आले ते डफनंतर फार उशिरा. इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 चा, वाईत हाती लागलेल्या कागदांवर उभा राहिलेला. साताऱ्यात पारसनिसांनी संग्रह केला. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवता शिकवता पटवर्धनी दप्तर चाळत होते. पण या तिघांचा मुख्य भर पेशवाईवर. आदिलशाही फर्माने वाचायची तर फारसी हवी, आणि ते काम पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खऱ्यांनी केले. त्यांच्या ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’मध्ये मूळ मजकूर आणि शेजारी मराठी तर्जुमा असल्याने फारसी न येणाऱ्यालाही ताळा घेता येतो.

डफच्या सात घराण्यांपैकी फलटण, जत, मुधोळ आणि सावंतवाडी या चौघांची संस्थाने इंग्रजी अमदानीत टिकली आणि 1948 मध्ये विलीन झाली. संस्थान म्हटले की दरबारी इतिहास लिहवून घेणे आले. मुधोळचा इतिहास दत्तात्रेय विष्णू आपट्यांनी 1934 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली जुनी फर्माने घोरपडे-भोसल्यांचे मूळ थेट बहमनी काळात आणि सिसोदियांपर्यंत नेतात. त्यांच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांनी शंका घेतल्या आणि त्या अजून मिटलेल्या नाहीत. मलवडीच्या घाटग्यांच्या वाट्याला संस्थान आले नाही, मोऱ्यांना तर वतनही उरले नाही. तरी दोन कागद समोर ठेवून कोणता आधी धरायचा असे कोणी विचारले, तर मी मुधोळच्या भरजरी फर्मानाआधी माणच्या सरदेशमुखीची सनद उचलीन. ती खोटी ठरवण्यात घाटग्यांच्या भाऊबंदांचाच फायदा होता, आणि तरीही दोनशे वर्षांनी ती साताऱ्यात डफपुढे ठेवली गेली.